अभिरूप खटला: मुलांना वंशभेदाची वकिली करायला लावावी का?

एडिसनकर (मूळ धागा)
पुतणीच्या आठवीच्या वर्गात (न्यू जर्सी) 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन'चा अभिरूप खटला आहे. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा तोच निकाल. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या आणि हिच्या वाट्याला आलं शिक्षण मंडळ. वहिनी भडकल्यात. मला मात्र प्रकार आवडला. वेगळ्या शाळांची बाजू मांडणारे दक्षिण कॅरोलायनाचे वकील जॉन डेव्हिस कोर्टात शिवीगाळ करत नव्हते. 'वेगळं पण समान' चालतं म्हणणारा १८९६ चा प्लेसी निकाल, राज्यांचे अधिकार, 'शाळा समान करतोय की', सगळं कसं सभ्य! अन्याय असा इस्त्रीच्या कपड्यांत येतो. स्वतः बोलून बघितल्याशिवाय ते उमगत नाही.

अटलांटा_मावशी
अजिबात पटलं नाही. वर्गात कृष्णवर्णीय मुलं असतीलच ना? 'यांना वेगळं बसवणं कायदेशीर आहे' हे त्यांनी ऐकून घ्यायचं, आणि वर बोलणाऱ्याला गुण! मानसशास्त्रज्ञ क्लार्क दांपत्याने मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या तेव्हा बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरीलाच 'चांगली' म्हटलं होतं. कोर्टात तो पुरावा मांडायचा आणि वर्गात पुन्हा तीच जखम करायची?

एडिसनकर
मग चिठ्ठ्या नकोत, बाजू मर्जीने घेऊ द्या. पण एक बाजूच काढली तर खटला कसला, निबंधवाचन होईल.

जुनं_खोड
तुम्ही दोघं निकालापाशीच अडकलात. ९-० ने जिंकले, टाळ्या, तास संपला! १९५५ च्या पुढच्या निकालात कोर्टाने अंमलबजावणीला मुदतच घातली नाही. व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळांना कुलपं ठोकली. गोऱ्यांसाठी खाजगी अकादमी निघाली, बाकीच्यांची वर्षं पाण्यात. आणि ही काउंटी ब्राउनमध्ये एकत्र ऐकलेल्या पाच खटल्यांपैकीच एक! १९५१ मध्ये तिथे १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने शाळेत संप घडवला, कारण वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत भरत होते. वकील कशाला, मुलांना तिची भूमिका द्या.

एडिसनकर
बार्बरा हवीच. पण खोडबुवा, कुलपं ठोकणारेही 'स्थानिक कारभार' आणि 'करदात्यांचा पैसा' याच भाषेत बोलत होते. म्हणून तर ती बाजू कुणीतरी मांडायला हवी.

अटलांटा_मावशी
कुणीतरी म्हणजे कोण? पुतणीला विचारलंत का?