आजीच्या दाढेचे ऑपरेशन आणि गोळ्यांची यादी

मोठी काकू: आईंच्या खालच्या उजव्या दाढेसाठी काल दंतवैद्यांकडे जाऊन आले. रूट कॅनाल केलेली तीच दाढ आहे. तिच्यावरची कॅप निघून गेली, आणि आता दाढ हिरडीच्या पातळीपर्यंत तुटली आहे. एक्स-रेमध्ये मुळे टोकाशी वळलेली दिसतात, त्यामुळे हिरडी उघडून आणि थोडे हाड कोरूनच ती काढावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. सविस्तर लिहिते आहे, कारण मागच्या खेपेस 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' हे मला नंतर ऐकून घ्यावे लागले होते.

धाकटे काका: वहिनी, कळवल्याबद्दल आभार. परंतु एका दाढेसाठी हिरडी कापायची आणि हाड कोरायचे, हे मला पटत नाही. दात चिमट्याने निघतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शिवाय आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असताना दाढेला हात लावणे म्हणजे डोळ्यांच्या नसांशी खेळ आहे. याचा विचार कोणी केला आहे का?

आत्या: वहिनी, आईच्या सर्व गोळ्यांची यादी दंतवैद्यांना दाखवली का?

दादा: काका, चिमट्याने पकडायला दाढ वर शिल्लक तर हवी. मला वेगळीच चिंता आहे. या वयात आजीला पूर्ण भूल देणार आहेत का?

ताई (दंतवैद्य): पूर्ण भूल लागणार नाही. खालच्या जबड्यात इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करतात. त्यात बहुधा लिग्नोकेन असते आणि रक्तस्राव कमी राहावा म्हणून त्यासोबत थोडे अ‍ॅड्रेनलिनही असते. दाब आणि ओढ आजीला जाणवेल, पण दुखता कामा नये. दुखले तर तिने हात वर करायचा आणि डॉक्टरांनी थांबून पुन्हा औषध द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. आजी सहसा दुखणे सांगत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

काका, डोळ्यांबद्दलची भीती मी रोज ऐकते आणि ती मनापासून असते, हेही मला माहीत आहे. पण दातांची संवेदना पाचव्या मज्जातंतूच्या शाखांमधून मेंदूकडे जाते आणि दृष्टीचा मज्जातंतू हा दुसरा, पूर्णपणे वेगळा आहे. दाढ काढल्याने नजर जात नाही. खालच्या दाढेजवळून जाणारी जी नस खरोखर जपावी लागते, ती ओठ आणि हनुवटीच्या संवेदनेची आहे. तिला धक्का लागला तर ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो आणि क्वचित तो बधिरपणा कायमचाही राहतो. मुळे त्या नसेपासून किती दूर आहेत, हे गुरुवारआधी विचारून घ्या.

हाड कोरण्याविषयी सांगायचे तर, रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते. चिमट्याचा जोर लावला तर ती तुटते आणि वळलेले मूळ आतच राहते. जमिनीत घट्ट रुतलेला खांब उपटण्यापूर्वी भोवतालची माती सैल करतात, तसे येथे थोडे हाड बाजूला करून, दाढेचे दोन भाग करून एकेक मूळ वेगळे काढतात. ताकद लावून ओढण्यापेक्षा यात जबड्याला इजा कमी होते.

धाकटे काका: समजले, तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारावे असे माझे मत कायम आहे. आणि आई रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेते, त्या आजपासूनच बंद कराव्यात, नाहीतर रक्त थांबणार नाही.

आत्या: भाऊ, हात जोडून विनंती करते, त्या गोळ्यांना कोणीही हात लावू नका. आईच्या हृदयात स्टेंट आहे. आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. सर्व गोळ्यांची यादी दंतवैद्यांना दाखवली का?

धाकटे काका: दुरून विनंत्या करणे सोपे असते. रात्री रक्त वाहू लागले तर धावपळ येथे असणाऱ्यांनाच करावी लागते.

मोठी काकू: धावपळ कोण करते, याची चर्चा येथे नको, भाऊजी. वन्सं, स्टेंट आणि रक्तदाबाचे मी डॉक्टरांना सांगितले आहे.

ताई (दंतवैद्य): या बाबतीत आत्याचे म्हणणे योग्य आहे. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णांची दाढ बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढतात. जखमेत रक्त थांबवणारा स्पंज ठेवणे, टाके घालणे आणि गॉजवर दाब देणे एवढ्याने रक्तस्राव आटोक्यात येतो. दाढेचे रक्त बाहेर दिसते आणि दाबून थांबवता येते, पण गोळी अचानक बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती कोणालाच दिसत नाही आणि जिवावर बेतू शकते. वॉरफेरिन घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी असते. त्यांना आधी आयएनआर ही रक्ततपासणी करून घ्यावी लागते. आजीला वॉरफेरिन नाही, तरीही कोणती गोळी चालू ठेवायची याचा निर्णय तिच्या हृदयाच्या डॉक्टरांचाच असला पाहिजे. तो ग्रुपवर होऊ शकत नाही.

दादा: दाढ काढल्यानंतर काय सांभाळायचे, तेही येथेच लिहून ठेव. त्या दिवशी घरी मी असणार आहे.

ताई (दंतवैद्य): सर्व काळजी त्या जागी जमणाऱ्या रक्ताच्या गुठळीची घ्यायची आहे. दाढ निघालेल्या खड्ड्यात ती गुठळी टिकली तरच खालचे हाड झाकलेले राहते आणि जखम भरते. त्यामुळे गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा. दर दोन मिनिटांनी काढून 'अजून येतेय का' असे पाहायचे नाही, कारण तसे पाहण्यानेच ते पुन्हा सुरू होते. लाळेत मिसळलेले थोडेसे रक्तही पुष्कळ वाटते, त्याने घाबरू नये. मात्र दाब देऊनही तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठायचे.

पहिले 24 तास चूळ भरणे नाही, जोराने थुंकणे नाही, स्ट्रॉने पिणे नाही. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा सुरू करायच्या. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक द्यायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते, म्हणून दुसऱ्या दिवशी आरशात पाहून कोणी गोंधळ करू नये. याउलट, दुखणे कमी होत आले असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला तर बहुधा गुठळी निघून हाड उघडे पडलेले असते. ते घरी सोसत बसायचे नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषध ठेवतात आणि लवकर आराम पडतो. वेदनाशामक गोळीही त्यांनी दिलेलीच घ्यायची, स्टेंटची औषधे चालू असताना घरातली कुठलीही गोळी चालत नाही.

धाकटे काका: डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारण्याचा मुद्दा मी पुन्हा नोंदवतो.

आत्या: आणि मी माझा. 'सांगितले आहे' म्हणजे यादी दाखवली असे होत नाही. वहिनी, राग मानू नका, पण आईच्या डब्यातल्या सर्व गोळ्यांची नावे येथे टाका.

मोठी काकू: राग नाही. गेली कित्येक वर्षे तो डबा मीच भरते आहे, त्यामुळे नावे मला पाठ आहेत. सकाळी अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोपिडोग्रेल, दुपारी अ‍ॅस्पिरिन, रात्री अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. बस, एवढ्याच.

दादा: आई, रविवारी सकाळी आजी उपाशीपोटी एक गोळी घेते आणि नंतर अर्धा तास ताठ बसून राहते, ती कोणती? त्या अर्ध्या तासात ती मला पेपर वाचून दाखवायला लावते, म्हणून आठवले.

मोठी काकू: ती हाडांची आहे. आठवड्यातून एकदाच असते, म्हणून डब्यात नसते. पाकीट कपाटात वेगळे ठेवलेले आहे. आत्ता काढून पाहिले. अ‍ॅलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम.

ताई (दंतवैद्य): काकू, हे दंतवैद्यांना उद्याच कळवा. ही गोळी हाडांची झीज रोखते, पण तिच्यामुळे हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची गतीही मंदावते. ती घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांमध्ये दाढ काढलेल्या जागी जबड्याचे हाड भरून येत नाही, उघडे राहते. पोटात घेण्याच्या गोळीने हा धोका कमी असतो, कर्करोगासाठी शिरेतून देतात त्या औषधाने बराच जास्त. पण गोळी जितकी जास्त वर्षे चालू असते, तितका तो वाढत जातो. म्हणून आजीने ती कोणत्या वर्षी सुरू केली, हे शोधणे आवश्यक आहे. याचा अर्थ दाढ काढताच येणार नाही असा नाही. डॉक्टर कदाचित हाड कमीत कमी कोरतील, जंतुनाशक चूळ देतील आणि जखम पूर्ण भरेपर्यंत अधिक वेळा तपासतील. किंवा, मुळांना संसर्ग नसेल तर ती आतच ठेवून वरचा भाग गुळगुळीत करण्याचा पर्यायही सुचवतील. आपण स्वतःहून येत्या रविवारची गोळी बंद करायची नाही.

आत्या: मी इतक्या वेळा यादी का मागत होते, ते आता लक्षात आले असेल. वहिनी, तुमच्या काळजीबद्दल मला कधीच शंका नव्हती.

मोठी काकू: मी सकाळी दवाखान्यात फोन करते, गुरुवारची वेळ पुढे गेली तरी चालेल. ती गोळी आईंचे मनगट मोडले त्यानंतर सुरू झाली होती, आणि त्या वेळचे सर्व कागद भाऊजींकडे आहेत.

धाकटे काका: फाइल माझ्याकडे आहे, हे खरे. आज रात्री शोधून पहिल्या चिठ्ठीचा फोटो येथे टाकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागदही त्यातच आहे, तोही टाकतो.

मोठी काकू: फोटो नको, फाइलच आणून द्या. सकाळी दहाच्या आत.