जांभळी किनार पुसताना फुलाचा रंगही पुसला जातो का?

मूळ धागा

कास पठारावर काढलेल्या छायाचित्रांचे एक छोटे प्रदर्शन आमचा छायाचित्रण गट भरवत आहे. निवड करताना असे आढळले की बऱ्याच छायाचित्रांत ढगाळ, पांढऱ्या आकाशासमोर आलेल्या देठांच्या आणि पाकळ्यांच्या कडांना जांभळी किंवा हिरवी रेघ उमटली आहे. ती काढून टाकावी असे मी सुचवताच काही सभासदांनी ठाम नकार दिला. कॅमेऱ्याने जे टिपले ते तसेच राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, म्हणून येथे मांडतो.

काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक वाकवते. त्यामुळे एकाच देठाच्या वेगवेगळ्या रंगांतील प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत आणि कडेला रंग सांडल्यासारखा दिसतो. ही रेघ पठारावर नव्हती, ती लेन्समध्ये तयार झाली. निकॉनच्या २००७ साली आलेल्या डी३ आणि डी३०० या कॅमेऱ्यांत जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच संस्कार होऊन मिळणारी फाइल, तयार होतानाच चौकटीच्या कडांकडची रंगकिनार आपोआप कमी केली जात असे. म्हणजे ज्याला आपण 'कॅमेऱ्याने टिपलेले' म्हणतो, त्यातही ही दुरुस्ती अनेकदा आधीच होऊन गेलेली असते. मग ती हाताने करण्यात संकोच कशाला? माझ्या मते लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रीसेट (जतन केलेला बदलांचा संच) तयार करावा, त्यात रंगकिनारीच्या, म्हणजे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनच्या चौकोनात खूण करावी, कडेचा रंग फिका करणाऱ्या डीफ्रिंज या सोयीचे जांभळे आणि हिरवे स्लायडर ठरावीक आकड्यावर ठेवावेत आणि फायली उतरवतानाच तो सगळ्यांना लावावा.

प्रतिसाद १ : हे दोन वेगळे दोष आहेत

धागालेखकांच्या पहिल्या निम्म्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि उरलेल्या निम्म्याला माझा तितकाच पूर्ण विरोध आहे.

पहिला दोष आडवा. त्यात तांबडी, हिरवी आणि निळी प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराची पडते, म्हणून मध्यभागी काहीच दिसत नाही आणि कोपऱ्याकडे जावे तशी किनार रुंदावते. ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या छायाचित्रात केंद्रापासून कोपरा सुमारे ३६०० पिक्सेल दूर असतो. दोन रंगांच्या आकारात केवळ ०.०५ टक्के फरक असला, तरी कोपऱ्यात १.८ पिक्सेलची किनार तयार होते. लाइटरूम येथे तांबडा आणि निळा थर तेवढाच ताणते किंवा आकसते आणि तीन प्रतिमा पुन्हा एकमेकींवर बसतात. ही खरी दुरुस्ती आहे, तिच्यात सहसा काही गमवावे लागत नाही, म्हणून ती खुशाल सगळ्या फायलींना लावावी. मात्र कापून जतन केलेल्या जेपेगवर नंतर ती करू नये, कारण मूळ केंद्र सरकल्यामुळे गणित चुकते.

दुसरा दोष खोलीतला. रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात, त्यामुळे फोकसच्या पुढील भागात जांभळी आणि मागील भागात हिरवी झाक येते. येथे रंग सरकलेला नसून पसरलेला असतो, आणि पसरलेले ताणून जागेवर येत नाही. म्हणून डीफ्रिंज वेगळाच मार्ग धरते: कडेजवळचा ठरावीक छटेतला रंग फिका करते. तो रंग लेन्सचा की फुलाचा, हे त्या स्लायडरला कळत नाही. कासवरची सीतेची आसवं ही फुले स्वतःच जांभळट निळी असतात. डीफ्रिंजच्या मूळ मांडणीत जांभळ्या छटेचा पट्टा ३० ते ७० असा आखलेला असतो आणि पाकळीची कड त्यात सहज सापडू शकते. असा प्रीसेट शेकडो फायलींना डोळे मिटून लावणे मला अतिशय धोक्याचे वाटते.

प्रतिसाद २ : दोष जेथे होतो तेथेच थांबवावा

मी नकार देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. जॉन डॉलंड यांनी १७५८ साली दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचे पेटंट घेतले, तेव्हापासून रंगकिनार कमी करण्याचे काम भिंग घडवणाऱ्यांनी काचेतच केले आहे. छायाचित्रकाराच्या हातातही उपाय आहे. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे असताना, म्हणजे एफ १.८ वर, दिसणारी जांभळी झाक ते लहान करून एफ ४ वर नेल्यास पुष्कळ ओसरते. पांढऱ्या आकाशाऐवजी गवत मागे येईल असे दोन पावले सरकून बसले, तर ती मुळात उमटतच नाही. सॉफ्टवेअरचा आधार मिळाला की माणूस पठारावर तेवढा विचार करत नाही, आणि माझा आक्षेप त्या सवयीला आहे.

धागालेखक, प्रतिसाद २ यांस

आपल्या सूचनेबद्दल आदर आहे, परंतु एफ १.८ वरून एफ ४ वर गेल्यास प्रकाश जवळजवळ एक पंचमांश उरतो. ज्या दृश्याला १/५०० सेकंद पुरत होता, त्याला १/१०० सेकंद लागतो. सप्टेंबरात त्या पठारावरचा वारा ज्याने अनुभवला आहे, त्याला बोटभर उंचीचे फूल १/१०० सेकंदात स्थिर राहत नाही हे सांगावे लागणार नाही. शिवाय अ‍ॅपर्चर लहान केल्याने आडवी किनार जवळजवळ तशीच राहते. त्यामुळे केवळ मैदानावरच्या शिस्तीने हा प्रश्न सुटत नाही.

प्रतिसाद ३ : ओळख पटवण्याचे काम

मी छायाचित्रे वनस्पतींच्या नोंदींसाठी काढते. पाकळीच्या कडेचा रंग आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके हे माझ्यासाठी सौंदर्याचे नव्हे, तर ओळखीचे भाग आहेत. डीफ्रिंजनंतर पाकळीभोवती जी राखाडी रेघ उरते, तीसुद्धा पठारावर नव्हती. जांभळी रेघ निदान लेन्सचा दोष म्हणून जाणत्याला ओळखू येते. राखाडी कड मात्र फुलाचा खरा रंग म्हणून नोंदीत जाऊन बसते. म्हणून नोंदीच्या छायाचित्राला डीफ्रिंज लावूच नये आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची संस्कार न केलेली मूळ फाइल) जपून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रदर्शनासाठी लावायचेच असेल, तर छायाचित्राचा ठरावीक भागच बदलणाऱ्या ब्रशमध्ये डीफ्रिंजचा वेगळा स्लायडर आहे. तो उणे १०० वर नेऊन फुलावर फिरवल्यास तेवढा भाग संपूर्ण छायाचित्राला लावलेल्या डीफ्रिंजपासून वाचतो. ब्रशचा स्लायडर धन बाजूला नेताना मात्र सावध राहावे, कारण तो केवळ जांभळ्या आणि हिरव्याच नव्हे, तर सगळ्याच छटांची किनार फिकी करतो.

प्रतिसाद ४

छपाईचा आकारही पाहावा. वर दिलेली १.८ पिक्सेलची किनार २० इंच रुंद छापील प्रतीत साधारण ०.१५ मिलिमीटर येते, म्हणजे हातभर अंतरावरून ती फार थोड्यांना दिसेल. खोलीतल्या दोषाची झाक मात्र अनेक पिक्सेल रुंद असते आणि ती लगेच खुपते.

धागालेखक

प्रतिसाद १ आणि ३ वाचून प्रीसेट लावलेल्या फायली पुन्हा उघडल्या. ऑल्टची कळ दाबून स्लायडर हलवल्यावर कोणत्या कडांना हात लागतो आहे ते स्पष्ट दिसते, आणि सीतेच्या आसवांच्या चौदा छायाचित्रांपैकी पाचांत पाकळ्यांच्या कडा खरोखर राखाडी झाल्या होत्या. प्रीसेटमधून डीफ्रिंज मी काढून टाकले आहे. आडव्या किनारीची खूण तेवढी ठेवली आहे. देठांवरची जांभळी रेघ मात्र मी प्रत्येक छायाचित्रात हाताने काढणार आहे. ती तशीच ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे, हे मला अजूनही मान्य नाही.

एका छायाचित्रात पाकळीच थेट आकाशासमोर आली आहे. तेथे किनार आणि फूल एकाच छटेचे असल्यामुळे ब्रशनेही ती वेगळी करता येईना. ते छायाचित्र किनारीसह छापायला दिले आहे. पुढच्या सप्टेंबरात वारा पडलेली सकाळ मिळाली, तर प्रतिसाद २ यांनी सांगितल्याप्रमाणे एफ ४ वर, गवत मागे ठेवून, ते पुन्हा काढीन.