मदत हवी आहे : तीन महिन्यांच्या करारावर सीसीयूत जाताना सुरुवातीचे ओरिएन्टेशनचे (वॉर्डाची ओळख करून घ्यायचे) दिवस कसे मागून घ्यावेत?

नमस्कार. मी परभणीची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर नऊ वर्षं सीसीयू, म्हणजे हृदयाच्या पेशंटचा आयसीयू, आणि कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात) काढली. गेल्या वर्षापासून एजन्सीमार्फत तीन-तीन महिन्यांच्या करारावर जाते. अमेरिकेत याला ट्रॅव्हल नर्स म्हणतात, तिथे करार साधारण १३ आठवड्यांचा असतो. आपल्याकडे नुसतं ‘एजन्सीच्या सिस्टर’. पहिला करार नांदेडला झाला, दुसरा छत्रपती संभाजीनगरला. आता लातूरचं विचारलंय. पगार आधीच्या नोकरीपेक्षा बरा आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात, म्हणून हे काम सोडायचं नाही.

अडचण अशी की दुसऱ्या ठिकाणी रुजू झाले त्याच दिवशी मला नाइट लावली. सहा बेड, सोबत एक अगदी नवीन मुलगी. रात्री अडीचच्या सुमारास एक शेतकरी काका आले, घामाने भिजलेले, ईसीजीत एसटी एलिव्हेशन, म्हणजे मोठा हार्ट अटॅक. डॉक्टरांनी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ५००० युनिट सांगितलं. ट्रेमधली ५ मिलीची व्हायल (इंजेक्शनची बाटली) उचलली. आधीच्या ठिकाणी त्या आकाराच्या पूर्ण व्हायलमध्ये ५००० युनिट असायचे, त्यामुळे पाचही मिली ओढायला हात निघालाच होता. पण लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही, ही शिस्त मला पहिल्या इन्चार्ज सिस्टरांनी लावलीय. वाचलं तर २५,००० युनिट! बाटली तेवढीच, औषध पाचपट. एक मिली काढलं, त्या मुलीला दाखवलं आणि दिलं.

सकाळी काका कॅथलॅबमधून परत आले तेव्हा मी त्यांच्या पावलावरची नाडी बघत होते. “सिस्टर, पाय मुडपू का जरा?” असं विचारत होते. मांडीतून नळी घातलेली, म्हणून मी नको म्हणाले आणि माझाच हात थरथरत होता.

बाकीचंही तसंच. क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) अ‍ॅड्रिनॅलिन कुठल्या ड्रॉवरला, डिफिब्रिलेटरचं (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) सिंकचं, म्हणजे शॉक ठोक्याशी जुळवायचं, बटण कुठं, हे जागोजागी निराळं. मांडीतली शीथ (कॅथलॅबमध्ये घातलेली नळी) एका ठिकाणी आम्ही काढायचो, दुसरीकडे डॉक्टरच काढतात. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) किती आल्यावर काढायची, पाय किती तास सरळ ठेवायचा, हेही वेगळं.

एजन्सीला म्हणाले, पहिले तीन दिवस मला जादा माणूस म्हणून ठेवा, पगारासकट. तर म्हणतात, “अनुभवी म्हणूनच तर पाठवतो तुम्हाला.” वर मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणतात. कुणाला असे दिवस लेखी मिळालेत का? बोलायचं कुणाशी, एजन्सीशी की हॉस्पिटलशी? सोमवारपर्यंत कळवायचंय.

प्रतिसाद :
ताई, मी बीडची, सहा वर्षं आयसीयू इन्चार्ज होते. हे एजन्सीकडे मागू नका, तिला फक्त जागा भरायची असते. थेट हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंशी (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) बोला. ‘पहिल्या तीन ड्युट्या दिवसाच्या, स्वतंत्र पेशंट नाही’ एवढं ईमेलवर मागा. मी इन्चार्ज असताना अशी मागणी करणाऱ्या सिस्टरवर माझा जास्त विश्वास बसायचा.
नाहीच मिळालं तर ड्युटीच्या एक तास आधी पोचा. क्रॅश कार्ट स्वतः उघडून बघा. हेपॅरिनची कुठली व्हायल ठेवतात, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन (बीपी वाढवायचं औषध) ५० मिलीत किती मिलिग्रॅम घालतात, पोटॅशियम कुठे ठेवलंय, हे विचारून चिठ्ठीवर लिहा आणि खिशात ठेवा. ही तीन औषधं दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायची नाहीत, मग ती नवीन का असेना.
मूळ कागद दाखवा, पण हातातून सोडू नका. झेरॉक्स द्या. पुढे हैदराबादचं काम आलं तर तेलंगणाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागेल, तेव्हा तेच कागद पुन्हा लागतात.

धागाकर्ती :
मनापासून धन्यवाद ताई. मेट्रनबाईंना उद्या सकाळीच फोन करते. लातूरला करारावर काम केलेलं कुणी असेल तर तिथे नाइटला किती पेशंटमागे एक सिस्टर असते, तेवढं सांगा.