टाच, चप्पल, बूट : तुमचे अनुभव लिहा

घाटावरची : काल टाचेसाठी फिजिओकडे गेले होते. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहाबारा पावलांनी जरा सैल. प्लान्टर फॅशिआयटिस म्हणाला, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतचा तळव्याचा पट्टा दुखावलाय. मग फरशीवर नॅपकिन पसरला, म्हणाला बोटांनी गोळा करा. डाव्या पायाची बोटं हलेचनात! नुसता अंगठा वरखाली. आणि एकदम कराडची आजी आठवली. तिची कंबर वाकायची नाही, त्यामुळे खाली पडलेला रुमाल, चमचा, एकदा तर माझी हेअरपिन, सगळं पायाच्या बोटांत धरून गुडघा वर करून हातात घ्यायची. घरात जन्मभर अनवाणी. मी मात्र वीस वर्षं ऑफिसात निमुळते बूट नि आता घरातही गुबगुबीत स्लीपर. फिजिओ म्हणे एका पावलात २६ हाडं आणि कितीतरी बारके स्नायू, त्यांना गादीवर झोपवून ठेवलंत तर झोपणारच. तुमचं काय?

बंड्या कागलकर : आता सगळे कोल्हापुरीचं गुणगान गाणार. नवी असताना अंगठ्यापाशी सालटं निघतं ते पण लिहा की! आमच्यात रात्री एरंडेल चोळून ठेवायचे, मग आठ दिवसांत नरम. आण्णांची कापशी होती, म्हणजे कापशी गावची कोल्हापुरी, करकर वाजणारी, गल्लीच्या तोंडाला आवाज आला की आम्ही पुस्तकं उघडून बसायचो :) पण सिमेंटवर दिवसभर उभं राहायचं तर ती सपाट चप्पल मला नाही झेपत, पोटऱ्या बोलतात.

सई_म : कॉलेजपासून पस्तिशीपर्यंत अडीच इंची हिल. आता सपाट घातलं की पोटरी ओढते. डॉक्टर म्हणाल्या पोटरी आखडलीये, उंची हळूहळू कमी करा. मी अर्थातच सेलमध्ये एकदम तीन फ्लॅट उचलल्या.

तात्या विंचू नव्हे : मोबाईलवरून लिहितोय चुका सांभाळा. आळंदी ते पंढरपूर, पहिली वारी, नवेकोरे महागाचे बूट. पावसात मोजे भिजले, दिवे घाट चढेपर्यंत दोन्ही टाचांना फोड. माझ्या शेजारी साठीची मावशी, रबरी स्लीपर, तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन. ती गेली पुढे अभंग म्हणत, मी पट्टी लावत कठड्यावर. बूट नवीन असेल तर आधी महिनाभर घालून चाला रे बाबांनो

घाटावरची : तात्या, मावशींना दंडवत _/\_

नंदिनी ठाणे : अनवाणी वाचून कोणी लगेच सुरू नका करू हं. सासऱ्यांना वीस वर्षं शुगर, तळव्याला काही जाणवतच नाही. नवरात्रात अनवाणी देवळात गेले, काच घुसली, त्यांना पत्ताच नाही, मी फरशीवर रक्ताचे ठसे बघितले तेव्हा कळलं. जखम भरायला तीन महिने. आता घरातसुद्धा एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल आणि रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून तपासणी. चिडतात, पण धरतात.

ओम्या : शाळेचे बूट आई कायम दोन नंबर मोठे घ्यायची, पुढे कापूस. बूट मापाला येईपर्यंत तळ फाटलेला असायचा. म्हणून मी पोराला मापाचेच घेतो, संध्याकाळी जाऊन, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. पोरगं चार वर्षांचं, तळवा अगदी सपाट म्हणून घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले या वयात कमान दिसत नाहीच, दुखत नसेल तर आत काही घालू नका, घरात आणि मातीत अनवाणी खेळू दे. माती कुठून आणू, सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत

सई_म : @ओम्या आमच्याकडे गवत आहे पण त्यावर पाय ठेवला की वॉचमन शिट्टी मारतो

रानजाई : विषयाला सोडून, पण टाचांच्या भेगांना मुठेल लावा. रात्री लावून मोजे.

बंड्या कागलकर : मुठेल काय असतंय?

रानजाई : कोकमाच्या बियांचं तेल, गार झालं की मेणासारखं घट्ट होतं, आमच्याकडे हातात वळून मुटके करतात. पळीत गरम करून लावायचं. मी रविवारी कुडाळला जातेय.

नंदिनी ठाणे : दोन आण गं माझ्यासाठी, जीपे करते

घाटावरची : मलापण दोन. नॅपकिन आज अर्धा गोळा झाला, मग पायात असा गोळा आला की नवरा धावत आला.

बंड्या कागलकर : रानजाई आमचे तीन धरा. आणि सोलकढीची आमसुलं पण मिळतील काय