मदत हवी आहे: हाँगकाँगचा ट्रेलवॉकर, १०० किमी. चौघांनी एकत्र शेवट कसा गाठायचा?

पायवाट_पुणे

नमस्कार. ऑक्सफॅम या संस्थेच्या हाँगकाँग ट्रेलवॉकरसाठी (चौघांच्या टीमने चालून देणग्या गोळा करायचा उपक्रम) आमची टीम ठरली आहे. दोघं तिथे राहतात, दोघं पुण्यात. मॅक्लेहोज ट्रेल, १०० किमी, मुदत ४८ तास, आमचं लक्ष्य ३६ तास. हातात १६ आठवडे आहेत. सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या ट्रेकची चौघांनाही सवय आहे, पण २५ किमीच्या पुढे कोणीच गेलेलं नाही. सपाटीवर दोघांचा वेग ताशी साडेपाच किमी, तिसऱ्याचा पाच. चौथीचा साडेचार, शिवाय उतारावर तिचा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. तिला मागे टाकून पुढे जायचं नाही, हे पक्कं आहे.

वेग कसा बांधायचा? दोन शहरांत सराव कसा जुळवायचा? पायांची काळजी आणि शाकाहारी खाणं यांबद्दलही नेमकं हवं आहे. सपोर्टला दोन माणसं आणि एक गाडी आहे.

घाटमाथा

आधी थांब्यांचं गणित करा. ट्रेलचे १० टप्पे, म्हणजे मधले सांधे ९. दर सांध्याला ४५ मिनिटं गेली तर पावणेसात तास, २५ मिनिटं गेली तर पावणेचार. हा तीन तासांचा फरक म्हणजे ९-१० किमीची चाल. चालण्याचा वेग वाढवून एवढा वेळ मिळणार नाही. हळू चालणाऱ्या माणसामुळे उशीर होतो असं वाटतं, पण बहुतेक टीमचा वेळ जातो तो एकाची बाटली भरून होईपर्यंत दुसऱ्याने बूट काढून बसण्यात.

थांब्यांना ५ तास धरा, उरले ३१. त्याची वाटणी अशी करून बघा:

टप्पा १-२ (२४.१ किमी): ७ तास
टप्पा ३-४ (२२.९ किमी): ८ तास
टप्पा ५-६ (१५.२ किमी): साडेचार तास
टप्पा ७-८ (१५.९ किमी): साडेपाच तास
टप्पा ९-१० (२१.९ किमी): ६ तास

हे आकडे मूळ ट्रेलच्या टप्प्यांचे आहेत. सुरुवात, शेवट आणि चेकपॉइंट यांसाठी आयोजकांचा त्या वर्षीचा नकाशाच प्रमाण माना.

घात होतो तो पहिल्या टप्प्यात. हाय आयलंड जलाशयाच्या कडेने १०.६ किमी जवळजवळ सपाट डांबरी रस्ता आहे. पाय ताजे, भोवती गर्दी, त्यामुळे सगळे पळत सुटतात. इथे सव्वादोन तासांच्या आत पोचू नका. पुढच्या टप्प्यात साई वानची चढण आणि समुद्रकिनाऱ्यांवरची वाळू आहे, आणि इथे वाचवलेल्या २० मिनिटांची किंमत तिसऱ्या टप्प्याच्या खड्या चढउतारांवर मोजावी लागते.

चौथीला रांगेत पुढून दुसरी ठेवा. पहिला माणूस तिच्या श्वासाच्या आवाजावर वेग ठरवेल. ती शेवटी राहिली तर पुढचे थांबून विसावा घेतात आणि ती पोचली की लगेच निघतात. म्हणजे जिला विश्रांती हवी तिलाच ती मिळत नाही.

वाटेवर दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे, ००१ ते २००. ताशी ३.२ किमी म्हणजे दोन खांबांमध्ये साधारण साडेनऊ मिनिटं. घड्याळाऐवजी खांब बघत चाला.

नालबंद

पायांबद्दल. फोड यायला तीन गोष्टी लागतात: ओल, उष्णता आणि घर्षण. यातली एक काढली तरी बरंच काम होतं.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. २०-३० किमीनंतर पाऊल सुजतं आणि उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या आणि दर २५ किमीला बदला. नखं ४-५ दिवस आधी सरळ कापा, आदल्या रात्री नाही.

चटका लागल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला थांबा. पाऊल पुसा, पूर्ण वाळू द्या, झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा, टोकं गोल कापलेली असू देत. चौकोनी कोपरा मोज्यात गुंडाळला जातो आणि तोच नवा फोड काढतो. पट्टी लावायच्या जागी आधी व्हॅसलिन लावू नका, ती चिकटणार नाही. व्हॅसलिन मांड्या, काखा आणि जिथे पट्टी नाही अशा बोटांच्या बेचक्यांसाठी.

फोड भरलाच आणि टोचत असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने त्याच्या कडेला दोन भोकं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. वर गॉझ आणि पट्टी. मधुमेह असलेल्याने मात्र स्वतः फोड फोडू नये.

हे "त्याच मिनिटाला थांबा" चौघांनी आधीच मान्य करायला हवं. टीमला उशीर नको म्हणून माणूस बोलत नाही आणि ४ मिनिटांचं काम पुढे ४ तासांना पडतं.

आतकरवाडी

गुडघ्याची बाहेरची बाजू उतारावर दुखणं हे बऱ्याचदा मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या पट्ट्याचं दुखणं असतं. कमरेचे बाजूचे स्नायू कमजोर असले की तो पट्टा जास्त ओढला जातो. आत्ताच फिजिओथेरपिस्टला दाखवा. १६ आठवडे पुरेसे आहेत, चार पुरले नसते.

उतारावर लहान पावलं टाका, दोन काठ्या घ्या. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी काठीची उंची, उतारावर ५ ते १० सेंमी जास्त. मॅक्लेहोजवर सिमेंटच्या आणि दगडी पायऱ्या भरपूर आहेत, त्यामुळे टोकांना रबर हवं. विमानात काठ्या चेक-इन सामानात टाका.

सरावात निव्वळ किमी मोजू नका. पुण्याच्या जोडीसाठी आठवड्यातून एकदा आतकरवाडीहून सिंहगड, चढून उतरून, आणि एकदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या १०-१५ वेळा. पायऱ्यांची सवय पायऱ्यांवरच होते. शनिवारी २५ आणि लगेच रविवारी २० किमी असं महिन्यातून दोनदा करा, कारण थकलेल्या पायांनी चालणं हाच खरा सराव. सर्वात मोठी चाल ४५ किमीच्या आसपास, तीन आठवडे आधी. शेवटचे दोन आठवडे निम्मं. दोन शहरांतल्या जोड्यांनी वेग सारखा ठेवायचा: साडेचारवालीचा.

एक पूर्ण रात्र चालून बघा, कात्रज ते सिंहगड ओळखीच्या गटासोबत चालेल. नोव्हेंबरात हाँगकाँगला पावणेसहाला सूर्य मावळतो आणि साडेसहानंतर उगवतो, जवळजवळ १३ तास अंधार. तुमच्या वेळापत्रकात सकाळी ९ ला निघालात तर मा ऑन शान डोंगराचा, म्हणजे चौथा, टप्पा पूर्ण रात्रीत येतो. प्रत्येकाचा स्वतःचा हेडलॅम्प हवा. त्याचे सेल चेकपॉइंटच्या उजेडातच बदला.

शिदोरी

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, १५० ग्रॅम उकडलेला बटाटा साधारण ३०. अर्ध्या वाटेनंतर गोडाचा वीट येतो, तेव्हा मिठातला बटाटा, मेतकूट-भात, दशमी-चटणी कामाला येते. दहीभात उन्हात गाडीत ठेवू नका.

नुसतं पाणी ढोसू नका. घाम जास्त आणि मीठ कमी झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं जड होणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. तहानेप्रमाणे प्या, साधारण तासाला अर्धा लिटर, त्यात ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, छोट्या बाटलीत अख्खं टाकू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालताना टाळा, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण देतात.

पायवाट_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अवघड प्रश्न: कोणी खरंच थांबावं हे कसं ठरवायचं? आणि सपोर्टची गाडी कुठे ठेवायची?

घाटमाथा

आत्ता, ताज्या डोक्याने लिहून ठेवा. लंगडल्यामुळे चाल बदलली, दोन तास पोटात पाणी टिकत नाही, किंवा बोलणं विसंगत झालं, तर तो माणूस थांबणार. हे इतर तिघं ठरवतील, तो स्वतः नाही. जवळच्या चेकपॉइंटपर्यंत सोबत जा आणि तिथे नोंद करा, एकट्याला मागे पाठवू नका. अडकलात तर ९९९ ला फोन करून जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा, तेवढ्यावरून जागा कळते.

सुरुवातीच्या साई कुंग भागात, पाक ताम चुंगच्या पुढे, परवान्याशिवाय खाजगी गाडी जात नाही. त्यामुळे सपोर्ट चौथ्या टप्प्यापासून धरा. तिथे प्रत्येकाच्या नावाची पिशवी: कोरडे मोजे, टीशर्ट, उबदार जाकीट, गरम जेवण. बसायच्या *आधी* जाकीट घाला. मोठे थांबे दोनच, एक चौथ्यानंतर आणि एक सातव्यानंतर. २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. सातव्यानंतर ताइ मो शान आहे, ९५७ मीटर. वर वारा असतो, तिथे जाकीट सॅकमध्येच हवं.

हिशेबनीस

देणग्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथल्या संस्थेला दिलेल्या रकमेवर भारतात ८०जी ची (देणगीवरची आयकर) सवलत मिळत नाही, नातेवाइकांना आधीच सांगा. हाँगकाँगमध्ये कर भरणाऱ्यांना १०० हाँगकाँग डॉलर आणि वरच्या देणगीची पावती कामाला येते. आवाहन चार महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यात तुमचं लक्ष पायांकडे असेल. पुण्याच्या दोघांनी भारतीय पासपोर्टवर लागणारी आगाऊ ऑनलाइन नोंदणी तिकिटाआधी करावी.

आतकरवाडी

राहून गेलं: पाचव्या-सहाव्या टप्प्यावर माकडं आहेत. तुम्ही तिथे पहाटे पोचाल. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा उघडं केळं नको, खाणं सॅकमध्ये. त्यांना खाऊ घालायला कायद्याने बंदी आहे.