मदत हवी आहे: इंग्रजी शब्द पाठ आहेत, वाक्यात घातले की माती होते

सातरस्ता
ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरीचे ५०० शब्द अर्थासकट पाठ केलेत. झोपेतून उठवून विचारलं तरी अर्थ सांगता येतो. पण वाक्यात वापरला की समोरचा हसतो. १५ दिवसांत फरक पडायला हवा. अशा शब्दांची रोज वापरता येतील अशी वाक्यं कुणी करून देईल का? ‘वाचन वाढवा’ सोडून काहीही सांगा, ते शाळेपासून ऐकून झालंय. अर्जंट आहे.

जुनाजाणता
वाचनाला पर्याय नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा. आमच्या वेळी हेच केलं.

रिकामटेकडा
भाऊ, परीक्षा कुठली ते तरी सांगा. आयईएलटीएस असेल तर लेखनाच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा असतो, तिथं भारी शब्द पेरावे लागतात. बँकेची असेल तर वेगळं.

शब्दवेडा
परीक्षा कुठलीही असो, लाइटनर पद्धत. चपलेच्या खोक्यात पाच कप्पे करा, एका कार्डावर एक शब्द. आला की पुढच्या कप्प्यात, म्हणजे जास्त दिवसांनी परत बघायचा. चुकला की थेट पहिल्या कप्प्यात. माझे २००० शब्द असेच झाले.

पूर्वभागकर
शब्दवेडा, पाठ आहेत म्हणतायत ना ते! खोकं कशाला?

सातरस्ता
परीक्षा नाही. आणि भाऊ नाही, ताई. वाक्यं द्या ना कुणीतरी, सगळे पद्धतीच सांगतायत.

मूळशोधक
ताई, शब्दाचं मूळ धरा. एक लॅटिन धातू कळला की दहा शब्द फुकट. मी तर कोश सोडूनच दिलाय.

जुनाजाणता
कोश सोडू नका. मोल्सवर्थ घरात हवाच. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. काय काम करून ठेवलंय त्या माणसानं!

पूर्वभागकर
काका, तो मराठी-इंग्रजी आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीचा. त्यातलं इंग्रजी आज कुणाला लिहिलं तर तोही हसेल.
ताई, मूळ मुद्दा राहिला. हसलं कोण? कुठल्या वाक्याला? तेवढं एक वाक्य जसंच्या तसं टाका.

सातरस्ता
टाकते. हसू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे, बायरना मेल मी करते. जर्मनीच्या एका नव्या बायरला लिहिलं, ‘अवर टेरी टॉवेल्स आर नोटोरियस ऑल ओव्हर द वर्ल्ड.’ त्याचं उत्तर आलं, ‘आय होप नॉट’, पुढं हसरा चेहरा. मला कळलंच नाही. मी उलट ‘थँक यू’ पाठवलं. शेजारच्या टेबलवरचा अजून हसतोय. मालक म्हणाले, १५ दिवस प्रत्येक मेल मला दाखवून पाठव, मग बघू. माझ्या यादीत नोटोरियस म्हणजे ‘प्रसिद्ध’ असंच होतं ओ.

रिकामटेकडा
‘थँक यू’ लई भारी 😂

मूळशोधक
नोटोरियसचं मूळ लॅटिन ‘नोटस’, म्हणजे माहीत असलेला. ‘नोटीस’ त्याच घरातला.

पूर्वभागकर
झालं की मग! मूळ बघितलं असतं तरी ताईंनी हेच लिहिलं असतं. वापरात तो ‘कुप्रसिद्ध’ आहे, ते मुळात दिसत नाही.
ताई, शब्द एकटा पाठ केला की असंच होणार. आपल्याकडं भाकरी कडक, चहा कडक, शिस्तही कडक. इंग्रजीत भाकरी क्रिस्प, चहा स्ट्राँग, शिस्त स्ट्रिक्ट. कुणी मराठी शिकताना ‘कडक म्हणजे हार्ड’ एवढंच पाठ केलं तर तो ‘कडक प्रश्न’ म्हणेल. तुमच्या यादीतही शब्दाशेजारी त्याची जोडी लिहा, एकटा अर्थ नको. आणि जोड्या आयत्या मिळतील. त्या बायरचे, इतर बायरचे जुने मेल काढा, त्यांची वाक्यं उचला.

मूळशोधक
कुप्रसिद्ध आहे हे मी पुढं लिहिणारच होतो.

शब्दवेडा
जोड्यांचीही कार्डं करता येतात. खोकं तेच.

सातरस्ता
काल बसून ३० मेल काढले. गंमत म्हणजे माझ्या ५०० मधला एकही शब्द त्यात नाही. शिपमेंट, कलर फास्टनेस, ‘सॉफ्ट आफ्टर वॉशिंग’, एवढंच. दोन महिने पाठांतरात गेले. जाऊ दे. हे आज मालकांना दाखवायचंय, कुणीतरी बघा: ‘अवर टेरी टॉवेल्स आर वेल नोन फॉर देअर सॉफ्टनेस. वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह युवर ऑर्डर.’

पूर्वभागकर
पहिलं चोख. दुसऱ्यात ‘टू रिसीव्हिंग’ करा. लुक फॉरवर्ड टूची जोडी आयएनजीशीच. मग पाठवा बिनधास्त.

जुनाजाणता
अग्रलेख वाचले असते तर हे आपोआप आलं असतं.

सातरस्ता
रिसीव्हिंग केलं. मालकांनी वाचलं, काही न बोलता ‘पाठव’ म्हणाले. आभारी आहे पूर्वभागकर.

रिकामटेकडा
ताई, एक्स्पोर्टचा माल किरकोळीत मिळतो का हो? बहिणीच्या लग्नात आहेराला दोन डझन टॉवेल लागतील. नोटोरियस असले तरी चालतील.