नववीतलं पोर सकाळी उठत नाही: आळस की वय?

गंगापूररोडकर
८ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला होता. निर्णय चांगलाच. पण आमच्या नाशिकच्या शाळेत सत्रं दोन आणि खोल्या त्याच. धाकटे दुपारी गेले, आठवी ते दहावी सकाळी सात दहाला.

आता घरचा देखावा बघा. तिसरीतली धाकटी सहाला टक्क जागी, सोफ्यावर उड्या मारते. नववीतला थोरला बेसिनला टेकून उभा, ब्रश तोंडात आणि डोळे मिटलेले. व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतात तेव्हा त्याच्या एकाच पायात मोजा असतो.

माझं म्हणणं एवढंच, की नियम उलट्या टोकाला लागला. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री तास-दोन तास उशिरा पाझरायला लागतं, आणि जागेपणी वाढत जाणारी झोपेची ओढही लहान मुलांपेक्षा हळू साठते. पोराला दहाला आडवं करा, अकराशिवाय डोळा लागत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची. पावणेसहाला उठवलं तर पहाटेची झोप तुटते, आणि स्वप्नांची झोप जास्त असते ती तेव्हाच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलं, की या वयाची शाळा साडेआठच्या आत नको. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कुलांना तसा कायदाच लागू आहे.

निवृत्त गणितमास्तर
साफ असहमत. आम्ही मखमलाबादहून सायकल मारत सकाळच्या शाळेला यायचो, थंडीत हँडल धरवत नसे. तेव्हा नव्हतं का मेलाटोनिन? रात्री बारापर्यंत पांघरुणात रील्स बघायच्या आणि सकाळी संप्रेरकांचं नाव पुढे करायचं. रात्री नऊला मोबाईल आई-वडिलांच्या कपाटात गेला की आठवड्यात फरक दिसेल.

गंगापूररोडकर
सर, मोबाईलने भर पडते हे मान्य. रात्रीचा उजेड शरीराचं घड्याळ आणखी मागे ढकलतो. पण झोपेच्या अमेरिकन संशोधक मेरी कार्स्काडन यांनी सहावीतल्या मुलांना विचारून जे मांडलं ते १९९३ सालचं आहे: जी मुलं वयात येण्यात पुढे गेली होती त्यांचा कल रात्री जागण्याकडे जास्त होता. वर्ग एकच, वय जवळपास तेच. तेव्हा कुठल्या रील्स होत्या?

आणि तुम्हीही पेंगत असालच. तेव्हा त्याला छडी होती, एवढंच.

पंचवटीकर
छडीवर +१. आमच्या मुलीला पहिला तास बीजगणित, दुसरा भूमिती. निदान पीटी तरी पहिल्या तासाला घ्या म्हटलं, तर सर म्हणाले, 'सकाळी डोकं ताजं असतं.' कोणाचं? सरांचं असेल.

अंगणवाडीताई
मी अगदी दुसऱ्या टोकाची मुलं बघते म्हणून सांगते. तान्ह्या बाळाला पहिल्या आठवड्यांत दिवस-रात्र कळत नाही, रात्री दोनला खेळतं, दिवसा झोपतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्याचं घड्याळ लागायला लागतं. त्याला कोणी आळशी म्हणत नाही, आजी उलट काजळाचा टिळा लावते. तेच घड्याळ तेराव्या-चौदाव्या वर्षी परत सरकतं आणि तेव्हा मात्र बोलणी बसतात. बाळाचं वय आपण मोजतो, मोठ्या मुलाचे फक्त मार्क.

पण मास्तरांचं एक घ्या. दिवसाचा क्रम ठरलेला असला की मूल कुठल्याही वयाचं असो, सावरतं. रविवारी बारापर्यंत लोळू दिलं तर सोमवार वाईटच जाणार.

सिडकोची आई
सगळे पुस्तकात बोलताय. मी अंबडला कंपनीत आहे, पहिली पाळी. मुलगी सकाळी माझ्याबरोबर बाहेर पडते, दुपारी घरी येऊन जेवते, आजी असते. शाळा दुपारची झाली तर ती सहाला सुटणार, मग साडेसहाचा क्लास, आणि हिवाळ्यात अंधारात एकटी रिक्षाने घरी. तिची झोप अर्धा तास वाढेल, माझी तेवढी उडेल.

कॅलिफोर्नियाचं नका सांगू. तिकडे पिवळी बस येते. इकडे त्रिमूर्ती चौकात शेअर रिक्षात चौथी सीट मिळते.

निवृत्त गणितमास्तर
ताई, बरोबर बोललात. आणि शाळा उशिरा केली की पोरं तेवढीच उशिरा झोपतील. काय मिळवलं?

गंगापूररोडकर
तसं होत नाही, हे मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूल सात पन्नासवरून पावणेनऊवर नेलं. मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजल्यावर झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली.

निवृत्त गणितमास्तर
वेळ वाढवली ५५ मिनिटं, झोप वाढली ३४. उरलेली २१ मिनिटं कुठे गेली ते मी सांगू?

पंचवटीकर
😂 मास्तर, हे जमलं. तरी ३४ हातात राहिलीच की.

गंगापूररोडकर
हिशोब पक्का आहे सरांचा. पण आणखी एक बघा. शरीराचं घड्याळ पुढे आणायला सकाळचा उजेड लागतो. जानेवारीत नाशिकला सूर्य सात दहाच्या आसपास उगवतो, निफाडकडून बोचरा वारा येतो, आणि आमची पोरं त्याच वेळी ट्यूबलाइटखाली प्रार्थना म्हणतात. जो उजेड घड्याळ सुधारणार, तो मिळेपर्यंत पहिला तास सुरू झालेला असतो.

सिडकोच्या ताईंचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. म्हणून सरसकट दुपारची शाळा मी मागतच नाही. सरकारी नियम चौथीपर्यंतचा आहे. मग पाचवी-सहावी सकाळी घ्या. दहा-अकरा वर्षांचं मूल अजून लवकर जागं होणारं असतं. सकाळी आठवी ते दहावीच का? शिवाय दुपारचं सत्र साडेअकरा ते साडेचार ठेवलं तर अंधाराचाही प्रश्न येत नाही. खेड्यातल्या कित्येक माध्यमिक शाळा अकराला भरतात, तिथली मुलं दहावी पास होतातच.

सिडकोची आई
साडेचारला सुटली तर चालेल. पण मग धाकट्यांच्या दुपारच्या खोल्या कोणाला? चौथीपर्यंतचे कुठे बसणार? आणि दहावीचे जादा तास शाळा सकाळी सातला लावणार, हे लिहून देते.

निवृत्त गणितमास्तर
लावणारच. मी स्वतः लावायचो, साडेसहाला. पोरं यायची.

पंचवटीकर
यायची, सर. उठलेली होती का ते सांगा.

निवृत्त गणितमास्तर
पुढची दोन बाकं उठलेली असायची. खोल्यांचं मात्र ताई म्हणतात ते खरं. आधी पाचवी-सहावीच्या तुकड्या किती ते शाळेतून काढा, मग सत्रं मांडू. आणि पहिल्या तासाला पीटी घ्यायला वेळ बदलायची गरज नाही, ते मुख्याध्यापकांच्या हातात आहे. त्यासाठी अर्ज केलात तर माझी सही घ्या. वेळ बदलायच्या अर्जावर मागू नका.